फँटमच्या पोटात गॅस होत नाही

२००५ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी एक पेपर छापला. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ७८ ग्रे इतका डोस मिळालेल्या १२७ पुरुषांच्या जुन्या नोंदी त्यांनी काढल्या आणि जरा विचित्रच वाटेल असा प्रश्न विचारला. उपचाराचं प्लॅनिंग करायला ज्या दिवशी सीटी काढला, त्या दिवशी या माणसाचा गुदाशय किती फुगलेला होता? छेदाचं सरासरी क्षेत्रफळ ११.२ चौरस सेंटिमीटरच्या वर असलेले एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. ज्यांचा गुदाशय त्या एका दिवशी फुगलेला होता, त्यांच्यात पीएसए पुन्हा चढण्याचं, म्हणजे आजार परतण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं.

कारण समजायला फार डोकं लागत नाही. गुदाशय प्रोस्टेटच्या अगदी पाठीला असतो. तो गॅसने किंवा मळाने फुगला की प्रोस्टेट पुढे ढकलली जाते. प्लॅन बनतो तो या ढकललेल्या जागेसाठी. पुढचे सात-आठ आठवडे रोज माणूस टेबलावर झोपतो, हाडांच्या खुणांवरून त्याला जुळवलं जातं, बीम सुरू होतो. पण बहुतेक दिवशी गुदाशय तेवढा फुगलेला नसतो, प्रोस्टेट मागे सरकलेली असते. हाडं जागच्या जागी, बीम ठरलेल्या जागी, आणि गाठीचा मागचा भाग मात्र बीमच्या काठाबाहेर. (मागे वळून केलेला अभ्यास आहे, त्यामुळे कार्यकारणभाव 'सिद्ध' झाला असं कुणी म्हणणार नाही. पण हेच स्पष्टीकरण सगळ्यात जास्त पटणारं आहे, आणि रोज इमेज काढून उपचार करावेत या मागणीला त्याने मोठं बळ दिलं.)

आता आपल्या कामाचा मुद्दा. यात यंत्राचा काही दोष असावा लागत नाही. तेव्हा रुळलेली फँटमची कुठलीही तपासणी केली असती, तरी ही चूक सापडली नसती. मिलिमीटरपर्यंत सगळं बरोबर आलं असतं. कारण फँटमच्या पोटात गॅस होत नाही.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, फँटम म्हणजे एक वस्तू. विकत आणायची, सीटीखाली ठेवायची, आकडा काढायचा, तक्त्यात भरायचा. शरीर कसं वागतं याबद्दल आपण जे धरून चाललेलो असतो तेच त्या प्लास्टिकमध्ये ओतलेलं असतं, हे कळायला मला बराच वेळ लागला. जे धरूनच चाललो, ती चूक त्या फँटमवर कधीच दिसणार नाही. रेडिओथेरपीतला फँटम मऊ कसा झाला, ही गोष्ट त्यासाठी वाचण्यासारखी आहे.

कापडाची बाई आणि पाण्याची टाकी

'फँटम' म्हटलं की आपल्याकडे अजूनही काहींना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो. वैद्यकात हा शब्द प्रसूतिशास्त्रात वापरला जायचा. बाळंतपण शिकवायच्या पुतळ्यांना फँटम म्हणत. अठराव्या शतकात अँजेलिक द्यु कुद्रे ही फ्रेंच सुईण राजाच्या आज्ञेने १७५९ पासून गावोगाव फिरून सुईणींना शिकवत होती. तिच्याबरोबर कापडाचा, भराव भरलेला आईच्या ओटीपोटाचा पुतळा असायचा. त्यात स्पंज बसवण्याचीही सोय होती, म्हणजे दाबल्यावर रंगीत पाणी बाहेर यावं. हा पुतळा मऊ असणं भागच होतं. कडक पुतळ्यातून बाळ बाहेर कसं काढणार?

क्ष-किरणवाल्यांचा प्रश्न वेगळा होता. किरण शरीरात किती खोल जातात आणि कुठल्या खोलीवर किती ऊर्जा सोडतात, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी आकार बदलणारं काही नको होतं, उलट अजिबात न बदलणारं हवं होतं. शरीरात पाणीच जास्त, मग पाणीच घ्यावं. फ्रायबुर्गमध्ये क्रोनिग हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फ्रीडरिख हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी केलेली खोलीनुसार डोसची मापनं १९१८ साली पुस्तकरूपाने आली, आणि पाण्यातलं मापन हळूहळू या शास्त्राचा पाया झालं. पाणी स्वस्त, सगळीकडे सारखं, आणि आत मापक कुठेही सरकवता येतो. आजही डोसचं मूळ मापन पाण्याच्या टाकीतच होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा नियमावलीवजा अहवाल, टीआरएस ३९८, तेच सांगतो.

पण टाकीला फुप्फुस नसतं, हाड नसतं. ही उणीव भरून काढली सॅम्युएल आल्डरसन या अमेरिकन माणसाने. त्याचा रँडो फँटम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आला. १९६२ साली लॉरेन्स लँझल वगैरे सहकाऱ्यांबरोबर त्याने त्यावर पेपरही लिहिला. आत खराखुरा मानवी सांगाडा, भोवती स्नायूंसारखे किरण शोषणारा रेझिनचा लगदा, फुप्फुसांच्या जागी हलका पदार्थ. हे सगळं काकडी कापावी तसं अडीच-अडीच सेंटिमीटरच्या चकत्यांत कापलेलं. प्रत्येक चकतीत भोकांचं जाळं, त्या भोकांत टीएलडीचे बारीक तुकडे भरायचे, चकत्या पुन्हा रचायच्या, उपचार द्यायचा, तुकडे काढून वाचायचे.

हाच आल्डरसन मोटारींच्या धडक-चाचण्यांसाठी पुतळे बनवणारा म्हणून जास्त प्रसिद्ध आहे. ते पुतळे मान वाकवायचे, गुडघ्यात दुमडायचे. म्हणजे वाकणारा माणूस कसा बनवायचा हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. रँडो ताठ राहिला तो त्याला विचारलेला प्रश्न ताठ होता म्हणून. त्या काळी बीमची क्षेत्रं रुंद असत, गाठीभोवती ऐसपैस मोकळी जागा सोडली जाई. अवयव एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी तो बीममध्येच राहायचा. तेव्हा अवयवांच्या हालचालीचा हिशेब फँटममध्ये नव्हता याला मी चूक म्हणणार नाही.

आणि ताठ फँटम आता निरुपयोगी झाला, असंही कुणी समजू नये. ह्यूस्टनलाच, त्याच एम. डी. अँडरसनमध्ये, १९६८ पासून रेडिओलॉजिकल फिजिक्स सेंटर चालत होतं. क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेणाऱ्या रुग्णालयांना ते प्लास्टिकचं डोकं आणि मान पाठवायचं. आत गाठीची जागा, टीएलडी, फिल्म. रुग्णालयाने त्याला रुग्णासारखंच वागवायचं: सीटी, प्लॅन, उपचार, आणि परत पाठवायचं. मापदंड ढिलाच होता, डोसमध्ये ७ टक्के आणि अंतरात ४ मिलिमीटर. तरी आयएमआरटीच्या सुरुवातीच्या काळातले जे निकाल २००८च्या सुमारास छापून आले, त्यात पहिल्या फेरीत जवळपास ३० टक्के नापास. न हलणाऱ्या, न श्वास घेणाऱ्या डोक्यावर! हा आकडा पाहिल्यापासून मी 'आधी ताठ फँटमवर पास व्हा, मग मऊचं बोला' या मताची आहे.

डोळे आले, हात तेच राहिले

बीम अरुंद होत गेले तशी मोकळी जागा परवडेनाशी झाली. मग बीम नेमका कुठे पडतो हे तपासणं आलं. बोस्टनच्या लुट्झ, विन्स्टन आणि मलेकी यांनी १९८८ साली मांडलेली चाचणी आजही जगभर होते. टेबलावर धातूची छोटी गोळी ठेवायची, वेगवेगळ्या कोनांतून बीम टाकून फिल्म घ्यायची, गोळीची सावली बीमच्या मध्यावर आहे का ते पाहायचं. गोळी म्हणजे सगळ्यात छोटा फँटम! आणि सगळ्यात कडकसुद्धा.

दुसरी मोठी उडी मिशिगनमधल्या रॉयल ओकच्या विल्यम बोमाँट हॉस्पिटलमध्ये झाली. डेव्हिड जॅफ्रे आणि सहकाऱ्यांनी लिनॅकलाच क्ष-किरण ट्यूब आणि सपाट डिटेक्टर जोडला, आणि रुग्ण टेबलावर असतानाच त्याचा कोन-बीम सीटी काढायची पद्धत २००२ साली मांडली. आता रोज सकाळी प्रोस्टेट दिसू लागली, मूत्राशय किती भरलाय ते दिसू लागलं, गुदाशयातला गॅससुद्धा दिसू लागला.

पण दिसलं तरी करायचं काय? यंत्राला टेबल सरकवता येतं. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, आणि फार तर थोडं कलवता येतं. सहा आकडे, बस. रुग्ण लाकडाचा ओंडका असता तर सहा आकडे पुरले असते. खऱ्या माणसात प्रोस्टेट सरकते, मूत्राशय फुग्यासारखा फुगतो, वजन उतरलं की मानेच्या भागातले लाळग्रंथी वगैरे अवयव आक्रसतात. एकीकडे टेबल जुळवावं तर दुसरीकडे बिघडतं.

इमेज गायडन्सच्या यंत्रणेची तपासणी सुरुवातीच्या काळात कशी होत होती, तर पुन्हा गोळी असलेला ठोकळा ठेवून. ठोकळा मुद्दाम काही मिलिमीटर सरकवायचा, यंत्राने तेवढंच सरकणं ओळखलं का ते बघायचं. यंत्र ओळखायचं, एक मिलिमीटरच्या आत. हा निकाल खोटा अजिबात नाही. तो फक्त ठोकळ्याबद्दलचा आहे.

कणकेचा गोळा

आकार बदललेल्या शरीरासाठी सॉफ्टवेअर आलं: डिफॉर्मेबल इमेज रजिस्ट्रेशन. आजच्या इमेजमधला प्रत्येक बिंदू प्लॅनच्या इमेजमध्ये कुठे होता हे ते शोधतं. मुळं जुनी आहेत. हॉर्न आणि शुंक यांचं ऑप्टिकल फ्लो १९८१चं, पेनसिल्व्हेनियात बायची आणि ब्रॉइट यांचं लवचिक जुळवणीचं काम त्याच सुमाराचं. थिरिऑंचे 'डीमन्स' १९९८चे, रूकर्ट मंडळींची बी-स्प्लाइन पद्धत १९९९ची. तपशील वेगवेगळे, पण बहुतेकांचा गाभा एकच: दोन इमेज एकमेकींसारख्या दिसेपर्यंत एकीला ताणा, पण ताणताना शेजारचे बिंदू शेजारीच राहू द्या, उगाच फाडू नका.

इथे खरी गोम आहे. कणकेचा गोळा घ्या, मळताना त्यात थोडे तीळ घातलेले. गोळ्याचा फोटो काढा. मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून थोडा पिळा आणि पुन्हा तसाच गोल करा. बाहेरून दुसरा फोटो अगदी पहिल्यासारखा. सॉफ्टवेअर म्हणेल, काहीच बदललं नाही, जुळणी शंभर टक्के. आतला प्रत्येक तीळ मात्र सरकलेला. यकृत सीटीत असंच दिसतं, सलग करडं. कडांवर सॉफ्टवेअरकडे माहिती असते. आत मात्र शेजारचा बिंदू शेजारी ठेवायच्या नियमाने ते पोकळी भरून काढतं. उत्तर गुळगुळीत येतं, देखणं येतं, आणि बरोबर असेलच असं नाही. फुप्फुसाच्या बाबतीत उलटा त्रास. श्वास घेताना फुप्फुस बरगड्यांच्या आतल्या बाजूने घसरतं. शेजारचे बिंदू शेजारी राहतच नाहीत, आणि सॉफ्टवेअर त्यांना जबरदस्तीने एकत्र ठेवायला बघतं.

जुळलेल्या दोन इमेज एकमेकींवर ठेवून पडद्यावर दाखवल्या की सगळे माना डोलावतात. मीही डोलावलेली आहे. पण इमेज जुळणं आणि ऊतक जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पाहून दुसरी कळत नाही. ती कळायला असं शरीर हवं, ज्याच्यातला प्रत्येक 'तीळ' आधी कुठे होता आणि नंतर कुठे गेला हे आपल्याला दुसऱ्या मार्गाने ठाऊक आहे. यालाच आपण ग्राउंड ट्रुथ म्हणतो. मऊ फँटमची गरज इथून सुरू झाली.

स्पंज, फोम आणि न दिसणाऱ्या खुणा

मिशिगन विद्यापीठात रोजानो कशानी, जेम्स बाल्टर आणि सहकाऱ्यांनी छातीच्या फँटममध्ये दाबता येणारा फोम बसवला. तो एका बाजूने मोटरने दाबायचा, म्हणजे श्वास सोडल्यासारखं. आत बारीक खुणा पेरलेल्या. त्यावर आधारलेला अनेक संस्थांचा मिळून अभ्यास २००८ साली आला. एकाच फँटमचे दोन सीटी निरनिराळ्या गटांना दिले, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने जुळवायचं, आणि उत्तरं खुणांच्या खऱ्या जागांशी ताडायची. सरासरी चूक काही मिलिमीटरच. पण सरासरी पाहून सुटकेचा निःश्वास सोडायचा नाही. सर्वांत मोठ्या चुका त्याच्या कित्येक पट होत्या. फोमच्या एवढ्या साध्या, एकाच दिशेने दाबलेल्या तुकड्यावर हे, तर खऱ्या छातीत काय होत असेल?

त्याच वर्षी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून सर्बान आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हा फँटम मला मनापासून आवडतो, कारण तो स्वयंपाकघरात बनवल्यासारखा आहे. ल्युसाइटचा पंचपात्रासारखा उभट डबा, त्यात पाणी. पाण्यात लॅटेक्सचा फुगा, आणि फुग्यात ओलसर केलेले नैसर्गिक स्पंज ठासून भरलेले. स्पंजांमध्ये नायलॉनच्या तारा आणि ल्युसाइटचे मणी चिकटवलेले, म्हणजे सीटीत ते रक्तवाहिन्यांच्या आणि श्वासनलिकांच्या फाट्यांसारखे दिसावेत. फुगा एका दट्ट्याला बांधलेला. हा दट्ट्या म्हणजे श्वासपटल, आणि तो अनियमित श्वासाच्या तालावरही चालवता येतो. मध्ये एक दबणारी गाठ, जिच्यात डोस मोजायची फिल्म बसते. द्यु कुद्रेच्या स्पंजांनंतर अडीचशे वर्षांनी फँटममध्ये पुन्हा स्पंज!

पण या दोन्हींत एक पेच आहे, आणि संशोधनाला येणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. चूक मोजायची तर खुणा हव्यात. खुणा सीटीत दिसल्या तर सॉफ्टवेअरलाही दिसतात. मग ते त्याच खुणा धरून जुळवतं आणि बरोबर उत्तर देतं. परीक्षेच्या पेपरावरच उत्तर छापल्यासारखं. शेजारच्या बिनखुणेच्या ऊतकात ते किती चुकलं असतं हे मात्र कळतच नाही. यावर एक उपाय म्हणजे खुणा इमेजमधून पुसून मग ती इमेज सॉफ्टवेअरला द्यायची. दुसरा, मला जास्त हुशारीचा वाटणारा, सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नील कर्बी, जाँ पुलिओ वगैरेंनी २०११ साली केला. त्यांनी पुरुषाच्या ओटीपोटाच्या एका आडव्या छेदासारखा चपटा, लवचिक फँटम बनवला. मूत्राशय फुगला की बाकीचे अवयव ढकलले जातात. वरच्या पृष्ठभागावर क्ष-किरणांना न अडवणाऱ्या असंख्य खुणा. कॅमेऱ्याला त्या दिसतात, सीटीला नाहीत. सॉफ्टवेअर सीटी बघून उत्तर देतं, खरं उत्तर कॅमेरा देतो. दोघांची गाठ पडत नाही.

याची किंमतही त्यांनी मोजली. कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो, म्हणून फँटम दोन मितींचा. खरं ओटीपोट काही चपटं नसतं. प्रत्येक फँटमकडे असंच बघायला शिका: याने काय मिळवलं आणि त्यासाठी काय सोडलं?

फँटम सोडून थेट रुग्णांच्या इमेजवर तपासणी करणारेही आहेत. ह्यूस्टनच्याच कॅस्टिलो आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून डीआयआर-लॅब या नावाने फुप्फुसांचे सीटी सगळ्यांसाठी खुले केले. तज्ज्ञांनी त्यावर ओळखीच्या बिंदूंच्या शेकडो जोड्या डोळ्यांनी शोधून ठेवलेल्या. फुकट आहे, खऱ्या माणसांचं आहे, आणि तुमच्यापैकी बरेच जण पहिलं काम यावरच करतील. जरूर करा. फक्त एवढं ध्यानात असू द्या की तज्ज्ञाला जो बिंदू नक्की ओळखता येतो, तो म्हणजे रक्तवाहिनीचा ठळक फाटा, आणि सॉफ्टवेअरलाही तिथेच सगळ्यात सोपं जातं. सलग करड्या भागात तज्ज्ञ बोट ठेवूच शकत नाही. म्हणजे सगळ्यात कठीण जागी परीक्षाच नाही.

फँटमही सॉफ्टवेअरचे नकळत लाड करतो. फोम, रबर, जेल हे सगळे सलग, गुळगुळीत ताणले जातात, आणि सॉफ्टवेअरने धरलेलं असतं तेही नेमकं हेच. बरगडीवरून घसरणारं फुप्फुस किंवा बाजूला फुटणारा गॅसचा बुडबुडा फोममध्ये नाही. त्यामुळे फँटमवर नापास झालेली पद्धत रुग्णावर चालेल अशी आशा करू नये. पास झालेलीबद्दल मात्र एवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

डोस ताणता येतो का?

इतका वेळ बोललो ते जागेबद्दल. शेवटी रुग्णाला मिळतो तो डोस. पस्तीस-चाळीस दिवस रोज वेगळ्या आकाराच्या शरीरात दिलेला डोस एकत्र कसा मिळवायचा? सॉफ्टवेअर म्हणतं, सोपं आहे, रोजचा डोस ताणून पहिल्या दिवसाच्या इमेजवर आणतो आणि बेरीज करतो. पण ताणणीच चुकली तर बेरीजही चुकली, आणि पडद्यावर रंगीत नकाशा तितकाच देखणा दिसणार.

मेलबर्नच्या येओ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. त्यांनी डेफजेल नावाचा जेल लॅटेक्सच्या आवरणात भरला. किरण पडतील तिथे जेलमधले रेणू साखळ्या बनवतात, तो भाग गढूळ होतो. जितका डोस तितका गढूळपणा. जेल दाबून धरायचा, दाबलेल्या अवस्थेत किरण द्यायचे, मग सोडून द्यायचा. तो मूळ आकारात येतो आणि डोसची नोंद त्याच्याबरोबर ताणली जाते. इथे डोसचा हिशेब ऊतकाने, म्हणजे जेलने, स्वतःच ठेवला! मग ऑप्टिकल सीटीने वाचायचा आणि सॉफ्टवेअरने ताणलेल्या डोसशी ताडायचा. त्यांच्या दुसऱ्या पेपराचं शीर्षकच असं होतं की, डोस 'ताणणं' शहाणपणाचं आहे का? उत्तर सरसकट हो किंवा नाही असं नव्हतं. आकारबदल थोडा असेल आणि इमेजमध्ये धरायला ठळक खुणा असतील तर बऱ्यापैकी जुळतं. आकारबदल वाढत जातो तसं जुळणं घसरतं.

त्याच वर्षी 'मेडिकल फिजिक्स' या नियतकालिकात शुल्थाइस आणि टोमे यांचा याच प्रश्नावर वाद छापून आला. विरोधी बाजूचा मुद्दा मला आजही छळतो. उपचारादरम्यान गाठ आक्रसली, म्हणजे काही पेशी मेल्या आणि वाहून गेल्या. मग त्या जागेचा डोस ताणून नेमका कुठे न्यायचा? जी पेशी उरलीच नाही तिची जोडी कुठे शोधायची? डेफजेल या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याचं वस्तुमान कायम राहतं. दाबता येईल, सोडता येईल, पण जेल बारीक होत नाही. वजन उतरणारा फँटम बनवणं म्हणजे एक वेगळंच डोकेदुखीचं काम आहे. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.

टपालाने जाणारा माणूस

२०१७ साली अमेरिकन मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा, एएपीएमचा, टीजी-१३२ हा अहवाल आला आणि इमेज जुळवणीच्या तपासणीला एक चौकट मिळाली. त्यात संगणकातले फँटमही आहेत आणि प्रत्यक्ष फँटमही. योगायोगाने त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट इथे १.५ टेस्ला एमआर-लिनॅकवर पहिल्या रुग्णावर उपचार झाले. आता रुग्ण टेबलावर असतानाच प्लॅन नव्याने करता येतो. म्हणजे जुळवणीत झालेली चूक थेट त्याच दिवशीच्या बीममध्ये उतरते, मध्ये विचार करायला रात्र मिळत नाही.

यासाठी फँटमला सीटीबरोबर एमआरआयमध्येही माणसासारखं दिसावं लागतं. हायडलबर्गमध्ये २०१९च्या सुमारास बनवलेल्या ॲडम या ओटीपोटाच्या फँटममध्ये मूत्राशय आणि गुदाशय पोकळ सिलिकॉनचे आहेत, ते भरता-रिकामे करता येतात. स्नायूंच्या जागी अगारोज जेल, चरबीच्या जागी चक्क वनस्पती तेल. ह्यूस्टनच्या १२७ जणांचा प्रश्न, गुदाशय फुगलेला की रिकामा, शेवटी फँटमच्या आत पोचला.

पण असा फँटम सांभाळणं सोपं नाही. अगारोज सुकतो. जेलमध्ये ऑक्सिजन शिरला की साखळ्या बनणं बिघडतं. स्पंज दहाव्यांदा सोडल्यावर पहिल्या वेळच्या जागी परत येतो का, हे आधी तपासावं लागतं. त्याखेरीज सापडलेली चूक सॉफ्टवेअरची की स्पंजची, हे ठरवता येत नाही. एखाद्या पेपरमध्ये मऊ फँटम दिसला की मी आधी निकालाचं पान उघडत नाही. फँटम किती वेळा दाबून-सोडून पुन्हा सीटी काढला, आणि खुणा किती मिलिमीटरच्या आत परत आल्या, हे शोधते. ते वाक्य नसेल तर पुढचे दशांश चिन्हानंतरचे आकडे मी गांभीर्याने घेत नाही.

यातून एक अडचण अशी उभी राहते जी अजून सुटलेली नाही. रेडिओथेरपीतली बाहेरून होणारी तपासणी पहिल्यापासून टपालावर चालत आली आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टीएलडीच्या कुप्या जगभर पाठवत असत. आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून देशभरच्या रुग्णालयांना टीएलडी जातात आणि किरण देऊन परत येतात. ह्यूस्टनचं प्लास्टिकचं डोकं खोक्यात बसतं. त्यांचा छातीचा फँटमसुद्धा बसतो. तो एका मागे-पुढे होणाऱ्या फळीवर ठेवतात, म्हणजे हलतो पण स्वतः ताठच राहतो. कडक वस्तू कुरिअरने गेली तरी तीच वस्तू राहते, या एका गुणावर ही सगळी व्यवस्था उभी आहे.

मऊ फँटम पाठवायचा तर पाणी काढून पाठवावं लागतं. तिकडच्या माणसाने ते पुन्हा भरताना स्पंजात हवेचे बुडबुडे राहतात. जेल एका प्रयोगशाळेत बनवून दुसऱ्या गावी वाचेपर्यंत त्याचं वय वाढतं. सिलिकॉनचा मूत्राशय मुंबईत शंभर मिलिलिटरला जसा फुगला तसाच नागपुरात मे महिन्यात फुगेल का, हे आधी कुणीतरी मोजून दाखवायला हवं.